दुसरं विमान उतरत नाही

बाबा, तुमची मोहीम चालू झाली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न आला असता, "काय बदललंस?" आणि त्याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून जमेल तसं क्रमाने लिहिते.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा तो खेळ तुम्ही निवृत्तीनंतर धरलात. एकावर एक पंख असलेली, कापडी, फटफटीसारखा आवाज करणारी विमानं. कात्रजच्या घरी कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता, कारण धड चालणारा प्लग तेवढाच. जन्मभर कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त केलेला माणूस नुसता खेळून थोडाच थांबणार? तुम्ही खेळाच्या फायली उघडून स्वतःच्या मोहिमा रचायला लागलात. कोणतं विमान कुठून उडेल, कुठे वळेल, कशाची वाट बघेल, सगळं ओळीओळीने. आई गवारीचं ताट पुढे सरकवायची. "अहो वैमानिक, युद्ध थांबलं असेल तर एवढी निवडा." पडद्यावरची नजर न हलवता तुम्ही म्हणायचात, "युद्ध थांबलंय. गवार जून आहे."

मी सातवीत असताना तुम्ही दुरुस्तीला घरी आणलेल्या गेजचे दोन स्क्रू मी एकदम फिरवले होते. काटा शून्यावर येईना. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असतात तर बरं झालं असतं. "आधी आहे तसं लिहून ठेवायचं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा अकलेचा भाग नाही, शिस्तीचा आहे." दुसऱ्या दिवशी एक वही आणून दिलीत. माझी रोजनिशी त्या वहीपासून सुरू आहे. आज भाजी काय केली हेही मी लिहून ठेवते. लोकांना वाटतं मी काटेकोर आहे.

शेवटची मोहीम तुम्ही माझ्यासाठी केलीत. पेनड्राइव्ह हातात देऊन म्हणालात, "पहिलं विमान तुझं. दुसरं सोबतीला. नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं, बाकी काही नाही." आठवड्याने तुमचा फोन आला, तो मला शब्दन् शब्द आठवतो.

"बघितलीस का?"

"बघितली. छान झालीय. फक्त ते दुसरं विमान उतरतच नाही, बाबा. नुसतं घिरट्या घालतं."

"तू उतरलीस?"

"हो, केव्हाच."

तुम्ही म्हणालात, "उतरायला हवं. बघतो." नंतरही दोनदा विचारलंत, "अजून एकदा चालवून बघशील?" मी दोन्ही वेळा रविवारी बघते म्हणाले. तुम्ही गेलात तो रविवार नव्हता, एवढंच.

यंदा आईने कपाट आवरताना तो पेनड्राइव्ह आणि तुमची नोंदींची एक वही माझ्या हातात दिली. "ह्यात काय ते बघून घे, नाहीतर मी रद्दीत घालते." खेळ नव्या लॅपटॉपवर घातला, तुमची मोहीम एका फोल्डरमध्ये ठेवली आणि फोल्डरला नाव दिलं 'बाबा'. मोहीम उघडताना अर्ध्यावर येऊन बंद पडायची. तीन रविवार गेले. मी विमानं बदलली, मैदान बदललं, खेळाचे जुने भाग काढून नवे घातले, सगळं एकदम, तुम्ही बघितलं असतंत तर उठून गेला असतात. शेवटी कळलं की खेळाला देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत. फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत 'टेस्ट' केलं आणि मोहीम पहिल्या झटक्यात उघडली.

नदीवरून परत येताना वरून बघितलं, दुसरं विमान अजून घिरट्या घालत होतं. मला वाटलं, निदान ही चूक तरी आपण सुधारू. त्याला थांबवून ठेवणारी ओळ शोधली, खोडली, सरळ उतरायला सांगितलं आणि फाइल तशीच पेनड्राइव्हवर साठवली. आधी काय होतं ते लिहून घेतलं नाही. कॉपी काढली, पण दुरुस्तीनंतर. मग ही दुरुस्ती तुमच्या नोंदींखाली लिहावी म्हणून वही उघडली.

पहिल्याच पानावर तुमचं अक्षर. "विमान क्र. २ : ती उतरेपर्यंत मैदानावर घिरट्या. ती उतरली की मगच उतरायचं. तिला उतरण्याची भीती आहे. एकटं वाटू नये." त्याखाली, "तिचा फोन. ती केव्हाच उतरली म्हणते, तरी क्र. २ उतरत नाही." त्यापुढे पानंच्या पानं. प्रत्येक ओळीत एक बदल, एकच, आणि समोर निकाल : "माझ्याकडे उतरतं." "माझ्याकडे उतरतं." शेवटची ओळ, "माझंच काहीतरी चुकतंय." पुढची पानं कोरी आहेत.

आज दुपारी मी मोहीम चालवली. नदीपर्यंत गेले, परत आले. दुसरं विमान मी सांगितल्याप्रमाणे सरळ खाली गेलं, कडेला जाऊन थांबलं, त्याचा पंखा बंद झाला. मी वरच होते. तुमची ती ओळ पुन्हा लिहून बघितली. विमान वर थांबतं, पण तुम्ही ठरवलेली उंची आणि वळणं मला आठवत नाहीत, आणि ती वहीतही नाहीत. जे थांबतं ते आता माझं विमान आहे.

हे पान रोजनिशीतच राहील. तुमच्या शिस्तीने लिहायचं तर ज्या एका गोष्टीने सगळं बिघडलं ती पहिल्या ओळीत यायला हवी होती. तेव्हा धीर झाला नाही, आता लिहिते. पहिल्यांदा मोहीम चालवली, त्या दिवशी मी उतरले नव्हते, बाबा. हवेत असतानाच खेळ बंद केला होता. कुकर लावायचा होता.