अटींवर पास झालेली गोधडी

३ डिसेंबर
जुन्या बाजारातून गोधडी आणली. हातशिलाईची. कन्या चौदा तारखेला पहिल्या नोकरीच्या गावी निघते आहे. तिथली थंडी हाडं फोडते म्हणे. बाकीचं सामान ही बघते आहे, पांघरुणाचं खातं मी मागून घेतलं. उभा जन्म डब्यांच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंग करत आलेल्या माणसाला एक पांघरूण निवडता येऊ नये?

३ डिसेंबर, रात्री
गोधडी उलगडली. एक कोपरा नाही. मध्ये थोडी भोकं. ही म्हणाली, घेताना डोळे घरी विसरला होतात का? म्हटलं, हाताच्या कामात असं असायचंच. म्हणाली, हाताच्या कामाला चार कोपरे असतात.

४ डिसेंबर
कन्येने एका भोकातून हात बाहेर काढून मला टाटा केला. मी दुर्लक्ष केलं.
गोधडी भिंतीवर टांगावी असा विचार आला. जुन्या वस्तूंना हल्ली भाव आहे. पण मग लेकीने काय पांघरायचं, कॅलेंडर? निर्णय : दुरुस्ती. स्वतः. बाहेरच्या माणसाचा हात लागला की वस्तूतला जीव जातो.

६ डिसेंबर, सकाळी
पद्धतशीर सुरुवात. आमच्या कारखान्याचा नियम : आधी दोष शोधा, त्याभोवती लाल मार्करने वर्तुळ काढा, मगच दुरुस्तीला घ्या. सगळे दोष शोधले. विरलेल्या जागाही सोडल्या नाहीत. नजर अजून शाबूत आहे.

६ डिसेंबर, संध्याकाळी
डब्यावरचा मार्कर स्पिरिटच्या बोळ्याने जातो. कापडावरचा जात नाही. साबणाने नाही, सोड्याने नाही, लिंबाने तर अजून खुलला. कंपनीने हे मार्करवर छापायला नको? (छापलं आहे. पण किती बारीक!)
कन्या म्हणाली, बाबा, गोधडीला गोवर आला. ही म्हणाली, आधी भोकं जवळ गेल्यावर दिसायची, आता रस्त्यावरून दिसतील.

८ डिसेंबर
ठिगळं लावायला घेतली. गोधडी पलंगावर नीट पसरली, म्हणजे सुरकुती नको. धावदोरा हा प्रकार अगदीच सोपा आहे. बायका उगाच त्याचं स्तोम माजवतात. टाके खोल घातले. वरवरचं काम मला जमत नाही.
ठिगळांसाठी माझा जुना निळा शर्ट कापला. हिचं म्हणणं, तो नवा होता. असेल.

९ डिसेंबर
गोधडी उचलली. गादीही उचलली गेली.
ही दारात उभी होती. म्हणाली, बरंच झालं, पोरीला गादीची सोय झाली. आता पलंगालाही दोन टाके घाला, म्हणजे सगळं एकदमच उचलून नेईल. उत्तर तयार होतं. तोंडात सुई होती.

१० डिसेंबर
टाके उसवताना कात्री घसरली. एक वर्तुळ वाढवावं लागलं. मोठं.

११ डिसेंबर
ही म्हणाली, अहो, नाक्यावरच्या दुकानात नव्या रजया आल्यात, हट्ट सोडा. म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. कन्येने विचारलं, बाबा, रात्री थंडी वाजली तर तत्त्व पांघरू का? हल्लीच्या मुलांना कुठे थांबावं ते कळत नाही. हिच्यावर गेली आहे.
नंतर मात्र तिने हळूच विचारलं, तिथे खरंच एवढी थंडी असेल का हो? म्हटलं, छे! लोक वाढवून सांगतात.
झोप लागली नाही.

१३ डिसेंबर
ठरवलं : कारखान्यातून सुटलं की तडक नाक्यावरचं दुकान. नवी, जाड, चार कोपऱ्यांची रजई. ही माघार नव्हे, पर्यायी व्यवस्था.
साहेबांनी नेमकी आजच डब्यांची एक मोठी खेप पुन्हा तपासायला लावली. दुकानाशी पोचलो तेव्हा शटर खाली. ठोठावून पाहिलं. वरच्या मजल्यावरचं कुत्रं तेवढं बोललं.
घरी येऊन गोधडी शेवटची तपासली. आमच्याकडे पास आणि नापासच्या मध्ये एक शिक्का असतो : ‘अटींवर पास’. अट एकच : थंडी नसावी.

१४ डिसेंबर, पहाटे
कन्या अंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या बॅगेतून गोधडी काढली आणि माझी रजई कोंबली. यात भावनेचा संबंध नाही. सदोष माल गेटबाहेर सोडायचा नाही, एवढंच. ही पाहत होती. काही बोलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. चेन लागेना तेव्हा बॅगेवर गुडघा तिनेच दिला.
गाडी सुटताना कन्या म्हणाली, बाबा, गोधडी छान झालीये हं. लेक समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१६ डिसेंबर
दोन रात्री गोधडीत काढल्या. हवेशीर आहे. डोकं झाकलं की पाय मोकळे, पाय झाकले की पोट मोकळं. हिने तिच्या रजईचा काठ पुढे केला. नको म्हटलं. पहाटे घेतला.
आज कारखान्याला दांडी. नाक वाहतंय.
संध्याकाळी कन्येचा फोन. म्हणाली, बाबा, बॅग उघडली आणि तुमच्या रजईचा वास आला. मग म्हणाली, उद्याच्या उद्या परत पाठवते, तुम्ही काय पांघरता? मी कडक आवाजात बजावलं की एकदा बाहेर पडलेला माल आम्ही परत घेत नाही.
एवढं वाक्य पुरं व्हायला चार शिंका लागल्या. तिकडून हसू ऐकू आलं. इकडूनही.