बोकडाची उडी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, ह्यांची तब्येत बरी आहे. फोनच केला असता, पण घर एवढंसं, ह्यांना सगळं ऐकू जातं. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने बोलायची मलाच लाज वाटते.

टीव्ही घ्यायचाय. बातम्यांसाठी नाही, व्हिडिओ गेम खेळायला. हस, पोटभर हस. लहानपणी तू त्या गेमच्या दुकानात सापडलास की कान धरून घरी आणणारी मीच. आता तुझ्याच दारात उभी आहे.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा उजवा हात परत आला, पण पुरता नाही. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, डोळा आणि बोटं एकत्र चालायला हवीत, रोज थोडा वेळ गेम खेळा. यंत्र त्यांनीच दिलंय. त्यात एक बोकड पळतो. खड्डा आला की बटण दाबायचं, की त्याने उडी मारायची. डाव्या हाताची मदत घ्यायची नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून मी ह्यांना डावा हात मांडीखाली दाबून बसवते. पण आपला जुना टीव्ही इतका धुरकट की खड्डा कुठला आणि सावली कुठली, काही कळत नाही.

भिंगातून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा घड्याळजी आता शर्टाचं बटण लावताना घामाघूम होतो रे. हात सुधारला तर दुकानात आपल्या टेबलाशी परत बसतील. नाहीतर हत्यारं भागीदाराला देऊन मोकळा होतो म्हणतात. ती हत्यारं घराबाहेर गेली की हा माणूस संपला, हे मला माहीत आहे.

तू छापखान्यात रंग पारखतोस, चित्रातलं तुला कळतं. चांगलासा निवड. आणि कुठे बोलू नकोस. समोरची शिवणकामवाली दिवसभर खिडकीत असते, साठी उलटलेला माणूस बोकड पळवतो हे तिने बघायला नको. जाड पडदे शिवायला टाकलेत. तिच्याकडेच टाकलेत, दुसरं कोण आहे इथे!

माया आहेच, उत्तर लवकर आलं तर आणखी वाढेल.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कान अजून दुखतो, पण माफ केलं. मोठ्या मनाचा आहे तुझा भाऊ.

टीव्ही घेतला. हाय डेफिनिशन, आणि पडदा तुमच्या कपाटाच्या दाराएवढा. दुकानात एका ओळीत सगळे लावलेले होते, सगळ्यांवर एकच चित्र. मी लांबून, जवळून, तिरका होऊन पाहिलं. बाकीच्यांचा हिरवा पिवळट मारत होता, हाच एक खरा. विकणारी मुलगी विचारत होती, चित्र बघायचंय की खेळायचंय, कारण त्यात फरक असतो म्हणे. दुसराच एक फिकुटलेला दाखवायला लागली. मी तिला म्हटलं, बाई गं, माझी हयात रंगात गेली, मला नको शिकवूस. चार लोक वळून हसले, ती गप्प बसली.

रविवारी येऊन बसवतो. चित्र सुधारणारी जेवढी बटणं त्यात आहेत तेवढी सगळी चालू करून देईन. भावोजींना बोकडाच्या दाढीचे केस मोजता आले पाहिजेत.

त्यांना सांग, माझं मनगटी घड्याळ केव्हाचं बंद पडलंय, तरी हातात घालून फिरतो. दुसऱ्या कुणाकडे उघडायला देणार नाही. त्यांनी दिलंय, तेच उघडतील.

लोभाचं काय विचारतेस, तो तर कानासकट तुझ्याच हातात आहे.

तुझा धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

टीव्ही म्हणजे हिरा आहे. येईल तो तोंडात बोट घालतो. अर्थात खेळायची वेळ झाली की मी पडदे ओढून घेते. शिवणकामवालीने परवा विचारलं, कुणी जास्त आजारी आहे का घरात? मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

पण बोकड काही उडत नाही. हे बटण दाबतात, बोकड सरळ खड्ड्यात जातो. रोज तेच. बाईंकडे गेले की निम्मे तरी खड्डे पार करतात, मग घरीच काय होतं? बाई म्हणाल्या, घरी मन लावत नसतील. मला ते पटलं. काल भागीदार आलेला असताना बोकड पडला, आणि माझा तोल गेला. त्याच्यासमोर मी ह्यांना कामचुकार म्हटलं. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी टेबलावरून मान वर काढली नाही, त्यांना! हे मांडीखालचा हात काढून नुसता चोळत बसले. मग भागीदाराला म्हणाले, येत्या रविवारी ये आणि हत्यारं घेऊन जा.

तू चार शब्द लिही. तुझं ऐकतात.

ताई


ता. १३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे भावोजींना वाचून दाखव. भावोजी, रागावू नका, पण ताई चुकीचं बोलली नाही. टीव्हीत खोट काढायला जागा नाही, तो मी निवडलाय. तेव्हा आता सबब उरलेली नाही. गेम मी पोरवयात पुष्कळ खेळलोय, त्यात जो कंटाळतो तोच पडतो. मन लावा, हत्यारं देऊ नका.

ताई, तूही जरा कडक राहा. मऊ पडलीस तर त्यांचं फावेल.

तुमचा लाडका आणि आज जरा शिष्ट झालेला,

धाकटा


ता. १७ मार्च

धाकट्या,

आज आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. रविवारी भागीदार आला, हत्यारांची पेटी त्याच्यापुढे ठेवली. शेवटचं एकदा टेबल बघतो म्हणून हे त्याच्याबरोबर दुकानात गेले. पेटी दारातच राहिली, परत येताना उचलू म्हणाले. मी एकटीच घरात, टीव्ही चालूच राहिलेला, बोकड उभा. मला त्या मेल्याचा इतका संताप आला! म्हटलं, बघू तरी एवढं काय अवघड आहे. पडदे ओढले आणि बसले.

पडले. पुन्हा पडले. खड्ड्याच्या काठावर दाबलं तरी पडले. मग दोन्ही हातांनी धरून, डोळे फाडून दाबलं. बोकड आधी खड्ड्यात गेला आणि मग, मेल्यावर, उडी मारायला लागला. माझे दोन्ही हात धडधाकट आहेत रे. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते.

हात ह्यांचा उशिरा नव्हता. कामचुकार म्हटलं मी. आणि लोक काय म्हणतील म्हणून पडदे लावले, स्वतः एकदा त्या बटणाला बोट लावलं नाही. लावलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ते आले तेव्हा मी पेटीवर बसून होते. भागीदाराला म्हटलं, आज नाही. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही, धीरच होत नाही. हे काय आहे ते तू सांग.

ताई


ता. २१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार करायचीही लाज वाटते, पण करतो.

तुझं पत्र घेऊन तडक त्या दुकानात गेलो. तीच मुलगी होती. मला ओळखलं, हसली मात्र नाही. तिने शांतपणे सांगितलं ते असं. चित्र गुळगुळीत आणि झळझळीत करायला टीव्ही प्रत्येक चित्र आधी आत थांबवून घेतो, घासूनपुसून मग दाखवतो. सिनेमा बघताना ते कळत नाही. खेळताना मात्र बोट आत्ता दाबतं आणि बोकड मागाहून उडतो. ती त्या दिवशी हेच सांगत होती, आणि मी चार लोकांत तिला गप्प केलं. मी सगळी बटणं चालू करून ठेवली नसती तर एवढं झालंच नसतं. बोकडाच्या दाढीचे केस दिसावेत म्हणून मी भावोजींचा हात खोटा पाडला. वर पत्रातून अक्कल शिकवली.

टीव्ही बदलायला नको. रिमोटवर चित्राची यादी उघड, त्यात गेम मोड आहे, तो लाव. रंग थोडे उतरतील. उतरू देत.

तिची माफी मागितली. भावोजींची कशी मागू ते कळत नाही. तू माझ्या वतीने आधी माग, मी येतोच.

लोभ कमी केलास तरी चालेल, मी समजून घेईन.

धाकटा


ता. ३० मार्च

मेहुणेबुवा, स. न. वि. वि.

अक्षर माझंच आहे, उजव्या हाताचं. ओळी उतरणीला लागल्यात, सांभाळून वाचा.

तुमची ताई रोज माफी मागते. काल तिने पडदे काढून धुवायला टाकले, आणि समोरच्या बाईंना हाक मारून बोकड दाखवला. तुमचंही तेच चाललंय. तुम्ही दोघं इतके खाली मान घालून आहात की मला अन्न गोड लागेना. म्हणून लिहितो.

मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. घड्याळजीचा कान आहे हा, बटणाची टिक आणि बोकडाची उडी यांच्यात फट आहे हे त्याला ऐकू येणारच. खात्री करायला, ताई भाजीला गेली असताना मांडीखालचा डावा हात काढला आणि त्याने खेळलो. डावाही उशिराच. म्हणजे टीव्हीच मागे होता.

तरी गप्प बसलो. का, ते सांगायला आता लाज वाटते. झटका आला तेव्हा माझ्यापुढे एका बाईंच्या वडिलांचं घड्याळ उघडं होतं. माझाच हात त्यावर पडून ते मोडलं. हात बरा झाला म्हटलं की पुन्हा त्या स्टुलावर बसावं लागणार, पुन्हा कुणाची तरी आठवण माझ्या बोटांत येणार. त्यापेक्षा टीव्हीच्या आड लपणं सोपं होतं. बायकोने भागीदारासमोर कामचुकार म्हटलं तेव्हा मी गप्प राहिलो, कारण ती खरंच बोलत होती. तिचं कारण चुकलं होतं, शब्द नाही.

हे परवा तिला सांगितलं. तिने पेटी उचलून माझ्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

गेम मोड लावला. रंग उतरले, बोकड वेळेवर उडतो. दहातले सहा खड्डे जातात, चारांत पडतो. ते चार आता टीव्हीचे नाहीत, माझे आहेत. भागीदाराला सांगितलंय, हत्यारं देत नाही.

लोकांचं काही उघडायची हिंमत अजून नाही. तुमचं ते बंद घड्याळ पाठवा. बिघडलं तर घरातल्या घरात राहील.

आपला,

घड्याळजी