गोगार्टीबाईंचं ओकचं कपाट

३ मार्च, सोमवार
परत तेच! गोगार्टीबाई वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. वारलेल्या वकील नवऱ्याच्या पुस्तकांसाठी भिंतभर कपाट हवंय. "अस्सल ओक हं, डर्मट. मला लाकूड हाताला कळतं." आमचे मालक छातीवर हात ठेवून — "म्हणजे काय, बाईसाहेब!" बाईंची पाठ वळताच मला — "ग्रॉन्या, एमडीएफ काढ. ओकचा पापुद्रा लावलेलं."

५ मार्च
दिवसभर कापत होते. एमडीएफला मी नावं ठेवत नाही. लाकडाचा शिजवून कापूस करायचा, रेझिन घालून गरम दाबायचा — ना गाठ, ना रेषा, ना वाकडेपणा. रंग तर काय बसतो! दारं, स्पीकरचे खोके, भिंतीच्या तळपट्ट्या — झकास. पण मग खोटं नाव कशाला? धूळ पिठासारखी. मी मास्क लावते. डर्मट लावत नाही, सगळा माल मिशीत साठवतो.

६ मार्च
म्हटलं, "एवढ्या लांब फळीला अठरा मिलिमीटर जाडी पुरणार नाही. कायद्याची जाडजूड पुस्तकं, झोळ पडेल." — "तू सुतार की वकील गं?"

११ मार्च
बसवलं. बाईंनी डोळे मिटून फळीवर हात फिरवला. "झाड अजून श्वास घेतंय!" मी खाली वाकून स्क्रू वेचत राहिले, हसू दिसू नये म्हणून. मग त्यांनी नवऱ्याचा फोटो मधल्या फळीवर ठेवला. बाहीने काच पुसली. हसू गेलं.

२ एप्रिल
पडला झोळ! बाईंचा फोन. डर्मटची पाठ नेमकी आजच धरली.

३ एप्रिल
एकटीच गेले. फळी काढताना कडेचा स्क्रू उपटून आला, सोबत तपकिरी चुरा. राहवलं नाही. "बाई, हे ओक नाही. वरचा पापुद्रा तेवढा ओक."
त्यांनी चुरा चिमटीत धरला. "अख्ख्या बिर गावाला बोलावून दाखवलंय मी हे." मग एकदम ताठ झाल्या — "झाकून टाक. चारला फादर चहाला यायचेत."
खाली आधार दिला, पुढे पट्टी ठोकली. झाकलं.

४ एप्रिल
डर्मटला सांगून टाकलं, मी बाईंना सांगितलं म्हणून. "वा, सत्यवचनी! सोमवारपासून घरी बसून बोल सत्य." अकरा वर्षं काम केलं तिथे. हत्यारं उचलली नि आले. मान मात्र ताठ!

९ एप्रिल
गोगार्टीबाईंचा फोन. बहिणीला स्वयंपाकघर करून हवंय — "आमच्यासारखंच. डर्मट नको, तूच कर. तुला आमचं लाकूड माहितीय." मग बहिणीनेच फोन घेतला. "ताईचं कपाट म्हणे सगळं एकाच झाडाचं?"
मी म्हटलं, "हो. फार मोठं झाड होतं."