अवेळी वाजलेला भोंगा

प्रिय आयली,

इकडे सगळे जिवंत आहेत. (पत्रात तुला आधी तेच लागतं, म्हणून आधी तेच.) तुझे गुडघे, तुझा लेक, सूनबाई आणि त्या ॲरिझोनाच्या वाळवंटातला तुझा एसी ठणठणीत असतील असं धरून चालते. एरो बरा आहे; म्हणजे दिवसभर कोचावर पडून हवामानाच्या बातम्या बघतो आणि आकाशावर चिडतो. नवरा म्हणून त्याच्याकडून आता याहून जास्त अपेक्षा नाही.

लिहायचं कारण, बोग्दानचं ड्राइव्ह-इन, गाडीत बसून खायचं आपलं ते दुकान, पाडणार आहेत. रडू नकोस, मीही रडले नाही. गावात हल्ली वारसा समिती झाली आहे. तिचे अध्यक्ष मिस्टर प्रेंटिस, निवृत्त होऊन कॅलिफोर्नियाहून आलेले, स्वभावाने गोड, आणि जुनं काही दिसलं की त्याला पितळी पाटी ठोकणारे. (एरो त्यांच्यासमोर फार वेळ स्थिर बसत नाही.) खाणीवरचा लोखंडी मनोरा त्यांनी रंगवून घेतला, मुका झालेला भोंगा दुरुस्तीला काढला, आणि हे सगळं बघायला येणाऱ्या बसगाड्या उभ्या करायच्या कुठे, तर बोग्दानच्या जागेवर. बोग्दानही हो म्हणाला. त्याचं वय झालं, मुलगी सिॲटलला लोकांचे दात काढते, तव्यापाशी उभं राहणार कोण? चालवणारं कुणी पुढे आलं तर दुकान ठेवू, नाहीतर बर्फ वितळला की बुलडोझर, असं समितीने जाहीर केलं. कुणी पुढे आलं नाही. आपलं चर्च, वाफेने न्हायची सौना, आपण जन्मलो ते घर, सगळं खाणीच्या उघड्या खड्ड्याने गिळलं तेव्हा तरी आपण काय केलं? कुंपणाशी उभं राहून पाहिलं. (अजूनही पत्ता सांगताना मी ‘चर्चपाशी डावीकडे वळा’ म्हणते. कुणी खरंच वळला तर तळाशी जाऊनच थांबेल.) तेव्हा एक खाण्याचं दुकान गेलं म्हणून काय बिघडतं, असं मी गावभर सांगत फिरत होते.

मग मंगळवारी भोंगा वाजला. दुरुस्ती नीट झाली का, एवढंच प्रेंटिससाहेबांना पाहायचं होतं, आणि पाहिलं केव्हा, तर भर सकाळी. ना पाळी सुटायची वेळ, ना बदलायची. अशा भलत्या वेळी आपल्या गावात भोंगा वाजला म्हणजे खाणीत अपघात, हे त्या भल्या माणसाला सांगणार कोण? मी पावाचं पीठ मळत होते. हात तसेच, एप्रन तसाच, पायात सपाता, आणि मी दाराबाहेर. कोचावरून एरोने विचारलं, “कुठे निघालीस?”

“तू सुखरूप आहेस का बघायला,” मी म्हटलं आणि गाडी काढली.

खाण बंद होऊन जमाना झाला, हे मला फाटकापाशी पोचल्यावर आठवलं. पण तिथे मी एकटी नव्हते. आपल्या वेळच्या झाडून सगळ्या बायका हजर, कुणी गाउनमध्ये, कुणी एका पायात बूट घालून. मेव्ह कॉस्टिगन केसांत रोलर लावून आली होती. तिचा नवरा त्याच खाणीत गेला, तुला ठाऊक आहे. तरी ती कुलूप लावलेल्या फाटकाची जाळी धरून उभी होती. कुणी कुणाकडे बघेना. त्या वेळी तू शेजारी हवी होतीस, आयली. (मनोऱ्यावरून प्रेंटिससाहेब आम्हाला हात हलवत होते. त्यांना वाटलं, आम्ही भोंग्याचं कौतुक करायला जमलो.)

खोटा गजर निघाला की आपल्या आया तडक घरी जात नसत, समोर बोग्दानच्या बापाकडे जात. आम्हीही गेलो. गाड्या ओळीने लावल्या, ट्रे अडकवण्यापुरती काच खाली केली, खायला आणा म्हणून दिव्यांची उघडझाप केली. वास्तविक दुकान बंद, दाराला तशी पाटी. पण आतून चरचर ऐकू येत होती. भोंगा ऐकताच म्हाताऱ्या बोग्दानच्या हातांनी त्याला न विचारता होते नव्हते तेवढे पोर्क चॉप तव्यावर टाकले होते. ट्रे न्यायला पोरी कुठल्या? मीच नेले, पिठाच्या हातांनी, पोरी असताना तू नि मी इथे न्यायचो तसे. मेव्हच्या खिडकीला ट्रे लावला तर म्हणते, “मिल्कशेक कुठाय? तेव्हाही विसरायचीस.” प्रेंटिससाहेब दार ठोठावायला लागले, तर तिनेच त्यांना दटावून गाडीत बसवलं आणि दिवे मारायला लावले. साहेबांनी एक सँडविच खाल्लं, मग दुसरं खाल्लं, आणि बसगाड्या दुसरीकडे कुठे मावतील का, असं स्वतःशीच बोलू लागले. कोपऱ्यातली तुझ्या तौनोची गाडी लावायची जागा मात्र, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी, सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. खाऊन झाल्यावरही तो दिवे मारत बसायचा, तू पुन्हा बाहेर यावीस म्हणून. तिथे कुणाला ट्रे न्यायचा नव्हता, तरी मी जाऊन उभी राहिले आणि रडले. वर रडले नाही म्हणून लिहिलं, ते सोमवारपर्यंतचं होतं.

असो. लेकाला आणि सूनबाईला माझी आठवण सांग.

तुझी धाकटी,
लेम्पी

ता. क. — दुकान चालवायला समितीला दोन जबाबदार माणसं हवी होती. एक मी. दुसरं नाव तुझं दिलं आहे. तू आढेवेढे घेशील म्हणून तुझा होकारही मीच कळवला.

आणखी ता. क. — तुझा जुना गणवेश बोग्दानच्या माळ्यावर सापडला. कमरेत सैल करून घेतला आहे. किती, ते विचारू नकोस. शिंपीण हसत होती.

शेवटचा ता. क. — बोग्दान म्हणतो, दोन म्हाताऱ्या फार दिवस टिकायच्या नाहीत, बुलडोझर काही चुकत नाही. येऊ दे त्याला. दुकान राहो न राहो, तू ये. मला इथे तुझ्याशिवाय करमत नाही.