खिळ्याला लावलेली बातमी

सर,

तुमचा मुलगा काल माझ्या जाहिरात-प्रसिद्धीच्या ऑफिसात येऊन गेला. तुमच्या नावानं पत्रकारितेचा पुरस्कार सुरू करतोय आणि सगळ्या पेपरांत मोठी बातमी यावी म्हणून प्रेसनोट घेऊन आला होता. अर्धा कागद पाहुण्यांची नावं, शेवटी 'आदी मान्यवर उपस्थित राहणार आहेत'. मी वाचली, टेबलावर टाकली आणि विचारलं, "ह्यात बातमी कुठं हाय?" तुमच्याच ठसक्यात. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

हेच तुम्ही मला विचारलं होतं, तुमच्या पेपरच्या भरल्या कचेरीत. मी शाहूपुरीतल्या एका जाहिरात एजन्सीत नवी लागले होते. एका दवाखान्यानं इचलकरंजीत कानतपासणीचं शिबिर घेतलं, त्याची प्रेसनोट घेऊन तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही ती मोठ्यानं वाचलीत. "ही काय लग्नाची पत्रिका हाय व्हय? मामांची नावं तेवढी ऱ्हायली की!" सगळे खो खो हसले. मग फोन वाजला, तुम्ही कुठल्याशा वार्ताहरावर ओरडायला लागलात, "दुसऱ्या बाजूला इचारलंस का? न्हाय? मग छापणार न्हाय. मेलेला माणूस असला तरी इचारून ये, जा!" फोन आपटलात आणि मला म्हणालात, "तिथं तू काय बघितलंस, ते सांग."

मी सांगितलं. मागावर आयुष्य काढलेला एक कामगार. खडखडाटानं कान गेलेले, घरात बायको ताट वाजवून हाक मारायची. शिबिरात कानाला यंत्र लावलं तेव्हा शेजारी त्याची मुलगी काहीतरी पुटपुटत होती. तो तिच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "एवढ्या बारीक आवाजात बोलती व्हय ही?" तुम्ही चष्मा काढलात. "ही बातमी. बस तिथं, लिही. माणूस पहिल्या ओळीत, पावणं शेवटी." मी तिथल्या बाकावर बसून लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि कागद टेबलावरच्या खिळ्याला टोचलात. खिळा म्हणजे नापास, छापायचं नाही. मी रडत घरी गेले.

रविवारच्या पुरवणीत अर्धं पान आलं. पहिली ओळ माझी, शेवटची ओळ माझी, नाव तुमचं. दवाखान्याचं नाव कुठंच नाही, म्हणून आमच्या मालकांनी मला त्याच आठवड्यात घरी बसवलं. मी तुमच्याकडं आले तर तुम्ही मान वर केली नाहीत. "तुझं काय हाय त्यात? तुझा कागद खिळ्यालाच हाय, बघ जा." आणि खरंच होता हो तिथं! त्या लेखाला पुरस्कार मिळाला, तुम्ही फेटा बांधून शाल घेतलीत. तळतळाट म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आता तोच लेख फ्रेम करून व्यासपीठावर ठेवणार आहेत. तुमच्या मुलाला मी सांगितलं, हे काम मला जमणार नाही. तो गेल्यावर दार लावून माझी प्रेसनोट लिहिली. आजवर शेकडो लिहिल्या असतील, इतकी नेटकी एकही झाली नाही. तुमच्याच पद्धतीनं: माणूस पहिल्या ओळीत, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही. एका वार्ताहराला फोनवर नुसता विषय सांगितला तर तो म्हणाला, "पाठवा की मॅडम, पहिल्या पानावर घेतो." तुमचा फेटा भर कार्यक्रमात उतरवायचा, एवढंच मनात होतं. अजूनही आहे.

पण पाठवायच्या आधी सवयीनं पुन्हा वाचली, आणि तुम्ही कानात ओरडलात. दुसऱ्या बाजूला इचारलंस का? मेल्यावरसुद्धा तुम्ही माझी बातमी अडवलीत. म्हणून हे लिहायला बसले. विचारते आहे, सर: का केलंत? तुमची बाजू काय?

हे पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. तुम्ही हयात होतात तेव्हा तुमचा नंबर माझ्याकडं होता. कितीदा तरी काढून बघितला, लावला मात्र एकदाही नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. भीती एवढीच वाटायची, की मी सगळं सांगून थांबेन आणि तुम्ही विचाराल, "कोण बोलतंय? वळखलं न्हाय."