अकरा नावांखालची ओळ

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! जुन्या पुस्तकांचं दुकान, पोटमाळ्यावर माझं टेबल, खिडकीतून ऊन आणि डोक्याला कुणाची कटकट नाही. धाकट्या बहिणीला फोन केला तर म्हणाली, ताई, आता तरी मालकाशी अरेला कारे करू नकोस, चौपन्न वर्षांची झालीस. मी म्हटलं, आजचा दिवस तर नीट गेला, उद्याचं उद्या.

हजेरीच्या वहीत नाव लिहिलं. चहाच्या कपावरही निळ्या रंगाने घातलं, म्हणजे भानगड नको. माझ्या आधी इथे एक बाई होत्या. त्यांची उशी अजून खुर्चीवर आहे, पण नाव मालकांना आठवेना. खाली पुस्तकं शिवत बसणाऱ्या बाइंडरकाकांनाही आठवेना. दहा वर्षं एकत्र चहा प्यायले म्हणे! धन्य आहे.

मंगळवार, ४

पहिलं काम मिळालं. एका बंद पडलेल्या प्रार्थनागृहातून आलेली अडतीस पुस्तकं, सगळी ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाची. धर्मपरिषदा, मठ, फूट, मग फुटीतून फूट. वाचताना आमची भावकी आठवली.

प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तीच अकरा नावं, अकरा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. दुकानाचा नियम असा की आधीच्या मालकाचं नाव दाढीच्या पात्याने खरवडायचं, वर खडूची पूड चोळायची आणि नखाने घोटायचं. गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव घरात नको असतं, असं मालक सांगतात. दिवसभरात बारा पुस्तकं कोरी केली. हात बसला. नावंसुद्धा पाठ झाली.

गुरुवार, ६

सदतीस उरकली. शेवटचं, सगळ्यांत जाड, आज उघडलं. यात नावांच्या वर त्या अकरा जणांनी लिहिलेल्या चार ओळी आहेत: आमच्या चर्चच्या मंडळीने एका माणसाला धर्मद्रोही ठरवलं. त्याच्याविरुद्ध आम्ही सह्या दिल्या नाहीत, म्हणून मंडळीच्या वहीतून आमची नावं खोडली. इतिहासात तरी राहावीत, म्हणून इथे लिहितो.

पातं खाली ठेवलं. ज्यांना एकदा खोडलं होतं, त्यांना मी सदतीस वेळा खोडून बसले होते. लाज वाटली, अगदी मनापासून.

अकरा नावांखाली बारावी ओळ आहे. शाई ताजी, दोनच अक्षरं, पुढे खरवडलेलं.

खाली जाऊन मालकांना सांगितलं की हे मी करणार नाही, हवं तर नोकरी घ्या परत. मला वाटलं भांडण होईल. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आधीच्या बाईही असंच म्हणाल्या होत्या.

शुक्रवार, ७

हजेरीच्या वहीत माझी ओळ कोरी. बोट फिरवलं तर कागद खरखरीत, आणि बोटाला खडूची पूड. कुणीतरी चेष्टा करतंय. करा! मी कुणाच्या बापाला भीत नाही. पुन्हा लिहिलं, पेन दाबून.

आणि तेवढ्यावर थांबते तर मी कसली? खरवडलेली पुस्तकं काढली आणि अकराही नावं परत लिहायला घेतली. पाच पुस्तकं झाली.

शनिवार, ८

कपावरचं नाव गेलं. ओळखपत्रावरचंही. फोटो आहे, खाली नुसती खरवड.

मी लिहायला लागले की आवाज येतो. भर दुपारी, टेबलाच्या पलीकडून. पातं कागदावरून ओढल्याचा. तिथे कुणी नाही. चौदा पुस्तकं झाली.

सोमवार, १०

बहिणीला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? जिच्या वेण्या मी घातल्या, ती अदबीने म्हणाली, मला बहीण नाही हो.

खूप रडले. मग रागाच्या भरात पातं उचललं, एक नाव तरी खोडून बघावं म्हणून. लगेच फोन वाजला. ताई, आहेस कुठे गं?

पातं खाली ठेवलं. पलीकडून — कोण?

अच्छा. असा सौदा आहे तर.

मंगळवार, ११

या पुस्तकांत पानोपानी हेच आहे. छळणारे सांगतात, ही श्रद्धा माझी नाही असं एकदाच म्हण आणि घरी जा. म्हणणारे गेले, लेकराबाळांत सुखाने राहिले. त्यांना मी हसणार नाही. मलाही माझी बहीण हवी आहे. फार हवी आहे. पण अकरा जणांना पुसून माझं एक — नाही. नाहीच.

बाइंडरकाकांना म्हटलं, माझं नाव तुम्ही लिहून ठेवा. त्यांनी पहिलं अक्षर काढलं. मग मान वर करून विचारलं, बाई, कोण हवंय तुम्हाला?

बुधवार, १२

सदतीसही पुस्तकांत नावं परत. या रोजनिशीच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं — पूड.

आवाज आता पानाच्या खालून.

गुरुवार

मालक एका नव्या बाईंना जिना दाखवून गेले. दोघांनाही माझी खुर्ची रिकामी दिसते. बाई खुशीत आहेत. कपावर नाव घालतायत.

जाड पुस्तक त्यांच्यासमोर उघडं ठेवलंय. आधी त्या चार ओळी वाच, बाई. मग पातं उचल.

माझ्या हाताशीही पातं आहे. उचललं तर फोन वाजेल. ताई म्हणेल ती —

नाही उचलत. खरवड तू, किती खरवडशील? अकराही पाठ आहेत मला. बारावीची दोन अक्षरंसुद्धा. आता तेरावी ओळ. आधी इथे, मग त्या पुस्तकात. दाबून लिहिते —

माझं नाव —

माझं ना