आत्या पर्यटक होते

मांजलपूर, बडोदे
३१ जानेवारी २०२५

ती. सुहासिनीआत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने ठरवतेस, म्हणून ही बातमी कागदावर. महाराष्ट्रातून येणाऱ्या पर्यटकांना बडोदे दाखवायचं काम मला मिळणार आहे! म्हणजे १६ तारखेची, रविवारची चाचणी पार पडली तर. आमच्या पर्यटन संस्थेच्या मुख्य योगिनीबेन मागे उभ्या राहून ऐकणार. आणि दाखवायचं काय, तर खंडेराव मार्केटची इमारत, म्हणजे तुझं महापालिकेचं ऑफिस!

सनावळ्या पाठ केल्यात, पण घराबाहेर माझा सगळा दिवस गुजरातीत जातो. अनोळखी माणसांपुढे मराठी बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते. तू पर्यटक होऊन येशील? ओळख मात्र दाखवायची नाही. पाहुणे बाहेरगावचेच हवेत, घरचे चालत नाहीत.

लोभ आहेच, या वेळी हजेरीही हवी.

तुझी,
प्राची

सातारा
६ फेब्रुवारी २०२५

चि. प्राचीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आनंदाच्या भरात तुझ्या तन्मयदादाच्या पाठीत धपाटाच घातला. तिकीट त्यानेच काढलंय. बत्तीस वर्षं त्या इमारतीत आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारले, पण मान वर करून छत कधी पाहिलं नाही. आता गॉगल लावून, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून पाहणार.

मी तोंडातून अक्षर काढणार नाही. लेकाकडे राहायला येऊन सात वर्षं झाली. मी आता पक्की सातारकर. बडोद्याशी माझा काय संबंध? तू बिनधास्त बोल. माझ्यासाठी उंधियू तेवढा राखून ठेव.

माया आहे तितकीच आहे, वाढवायला जागा नाही.

तुझी,
आत्या

मांजलपूर, बडोदे
२० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सोमवारी गेलीस आणि बुधवारी योगिनीबेननी बोलावलं. काम मिळालं, आत्या! मराठी फेरी दर रविवारी माझीच.

जिन्यापाशी मी सगळ्या सनावळ्या विसरले. अक्षर न काढण्याचं वचन मोडून तू मला 'अहो ताई' म्हणालीस आणि इथली माणसं जेवायला कुठे बसायची, असं विचारलंस. मग काय! शाळेच्या सुट्टीत तुझ्यासोबत यायचे, तुझं थालीपीठ देऊन शेजारच्या टेबलावरच्या बेनचा थेपला घ्यायचे, हे सगळं मी भडाभडा सांगितलं. योगिनीबेन म्हणाल्या, खरी फेरी तिथून सुरू झाली.

पण तू आपल्याला पकडून दिलंस. पाहुण्यांच्या यादीत सगळ्यांनी नाव आणि गाव लिहिलं. तू जुन्या सवयीने पुढे सकाळी १०.२५ अशी वेळ टाकून सही ठोकलीस. आणि गाव लिहिलंस बडोदे. बाहेरगावच्या यादीत ही इथली कोण, म्हणून योगिनीबेननी विचारलं आणि मला सगळं कबूल करावं लागलं. त्या पोट धरून हसल्या. मग बडोदे खोडून सातारा लिहायला त्यांनी पेन उचललं.

मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, राहू द्या, तिने बरोबर लिहिलंय.

लोभ तर आहेच. पुढच्या रविवारी डबा घेऊन ये.

तुझी,
प्राची